दाबलेली कळ आणि पोचलेला आकडा

इनस्क्रिप्ट कीबोर्डवर ‘बीड’ लिहायला तीन कळा लागतात. इंग्रजी वायच्या कळेवर ब, आरच्या कळेवर दुसरी वेलांटी, आणि पीच्या शेजारी, जिथे इंग्रजीत चौकोनी कंस उघडतो, त्या कळेवर ड. यातली तिसरी कळ फार नवलाची आहे. लिनक्सवर टर्मिनलची खिडकी उघडा, विम नावाचा एडिटर सुरू करा, कीबोर्ड इंग्रजीवर आणा, दोन ओळी लिहा आणि मग कंट्रोल धरून ती कंसाची कळ दाबा. विम लिहिणे थांबवतो आणि आज्ञेची वाट बघू लागतो. हे काम खरे तर डाव्या कोपऱ्यातल्या एस्केपच्या कळेचे. पण विमला या दोहोंतला फरक ओळखता येत नाही, कारण त्याच्यापर्यंत दोन्ही वेळा एकच गोष्ट पोचते: २७ हा आकडा.

संगणकातल्या ज्या मोजक्या गोष्टींनी मला खरोखर थक्क केले त्यांत ही एक आहे. कीबोर्डवर बोट पडले की ‘मी अमुक कळ दाबली’ असे आपल्याला वाटते, आणि समोरच्या प्रोग्रॅमलाही तेच कळले असणार असे आपण धरून चालतो. टर्मिनलमध्ये चालणाऱ्या एडिटरला मात्र कळ दिसतच नाही. त्याला एकामागून एक येणारे आकडे दिसतात, आणि त्या आकड्यांवरून तुमच्या बोटांनी काय केले असेल याचा अंदाज त्याला बांधावा लागतो. ब्राउझर किंवा वर्डसारखा खिडकीतला प्रोग्रॅम या बाबतीत सुखी. त्याला कार्यप्रणाली सगळे सांगते: कुठली कळ, खाली गेली की वर आली, त्या वेळी शिफ्ट, कंट्रोल, आल्ट यांपैकी काय धरलेले होते. टर्मिनलच्या वाट्याला ही चैन आली नाही.

असल्या एडिटरवर आज कोण काम करते, असे कोणी विचारेल. बीड, अंबाजोगाई किंवा माजलगावातून शिकून पुण्याच्या कंपनीत लागलेल्या मुलामुलींना विचारा. दूरच्या सर्व्हरवर लॉग इन केले की तिथे माउस नसतो, मेनू नसतो; असते ती अक्षरांची खिडकी, आणि तिच्यात विम, नॅनो किंवा इमॅक्स. बँकेचा, रेल्वेचा, सरकारी खात्याचा सर्व्हर रात्री अडला की कोणीतरी अशाच खिडकीत बसून तो दुरुस्त करत असतो.

आता मागे जाऊ. शिफ्ट ही कळ टाइपरायटरवर आली तेव्हा ती नावाप्रमाणे खरोखर काहीतरी सरकवत असे. १८७८ च्या रेमिंग्टन क्रमांक २ या यंत्रात एकाच दांडीवर दोन ठसे होते. शिफ्ट दाबली की यंत्राचा भाग सरके आणि दुसरा ठसा कागदासमोर येई. मराठी टाइपरायटरवरही तेच. आपल्याकडच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये ज्यांनी त्या यंत्रावर बोटे बसवली, त्यांना आणखी एक गोष्ट आठवत असेल: काही मात्रांच्या कळा दाबल्या तरी गाडा पुढे सरकत नसे. मात्रा उमटे, जागा तीच राहे, आणि तिच्यावर अक्षर येऊन बसे. म्हणजे एका कळेने दुसरीचा अर्थ बदलायचा, ही कल्पना मराठी टंकलेखकाच्या बोटांना संगणक येण्याच्या फार आधीपासून ठाऊक होती. मात्र तो बदल त्याच यंत्रात, त्याच क्षणी, लोखंडाच्या हालचालीने होत होता. तारेवरून दूरच्या यंत्राला ‘मी शिफ्ट धरली आहे’ असे सांगायची वेळ आली तेव्हा खरी अडचण सुरू झाली.

टेलिप्रिंटरने तिच्यावर पहिला तोडगा काढला. त्याच्या संकेतात पाचच बिट, म्हणजे ३२ खुणा. अक्षरे आणि अंक मिळून त्यात मावत नाहीत. म्हणून दोन खुणा राखून ठेवल्या: एक ‘आता पुढे अक्षरे’ अशी, दुसरी ‘आता पुढे अंक’ अशी. इथे शिफ्ट हीच तारेवरून जाणारी एक स्वतंत्र खूण झाली.

१९६३ साली अमेरिकेत आस्की हा सात बिटांचा संकेत ठरला आणि १२८ जागा मिळाल्या. मोठी इंग्रजी अक्षरे, अंक, चिन्हे आणि पुढच्या सुधारणेत छोटी इंग्रजी अक्षरे यांना त्यात स्वतःची घरे मिळाली, त्यामुळे शिफ्टचा प्रश्न सुटला: मोठा ए वेगळा, छोटा ए वेगळा, शिफ्टबद्दल काही कळवायची गरजच नाही. पहिल्या ३२ जागा मात्र अक्षरांना न देता यंत्राला हुकूम देण्यासाठी ठेवल्या. ७ म्हणजे घंटा वाजव, ८ म्हणजे एक घर मागे जा, ९ म्हणजे टॅब, १० म्हणजे कागद एक ओळ वर सरकव, १३ म्हणजे गाडा ओळीच्या सुरुवातीला ने, २७ म्हणजे एस्केप. त्याच वर्षी आलेल्या टेलिटाइप ३३ या यंत्रावर हे हुकूम हाताने पाठवायची सोय हवी होती, आणि त्यासाठी होती कंट्रोलची कळ.

ही कळ काय करते ते बघण्यासारखे आहे. आस्कीची मांडणी ३२-३२ च्या चार गटांत आहे. मोठा सी ६७ वर, छोटा सी ९९ वर. कंट्रोल धरले की वरचे दोन बिट गळून पडतात आणि खालचे पाच राहतात; म्हणजे आकडा थेट पहिल्या गटात उतरतो. ६७ मधून ६४ गेले, राहिले ३. ९९ मधून ९६ गेले, राहिले ३. म्हणून कंट्रोल-सी म्हणजे ३. आणि म्हणूनच, आज सव्वा लाखाच्या लॅपटॉपवरसुद्धा, जुन्या पद्धतीने चालणाऱ्या टर्मिनलला कंट्रोल-सी आणि कंट्रोल-शिफ्ट-सी सारखेच. शिफ्टची खूण ज्या बिटात होती तो बिटच कंट्रोलने काढून टाकलेला असतो.

हीच वजाबाकी पुढे करून बघा. आय ७३ वर आहे. ६४ गेले, राहिले ९, म्हणजे टॅब. एम ७७ वर; राहिले १३, म्हणजे एंटर. एच ७२ वर. राहिले ८, म्हणजे एक घर मागे. आणि चौकोनी कंस ९१ वर; राहिले २७. एस्केपचे रहस्य इतके साधे आहे. कंट्रोल-आयला एक काम आणि टॅबला दुसरे काम लावावे अशी इच्छा विमच्या कित्येक वापरणाऱ्यांची असते, आणि जुन्या टर्मिनलमध्ये ती पुरी होऊ शकत नाही, कारण दोन्ही कळांतून ९ हाच आकडा निघतो. कंट्रोल-एंटर आणि नुसता एंटर यांचेही तेच. कंट्रोल धरून १ दाबले तर बहुतेक ठिकाणी नुसता १ पोचतो. त्या जोडीला संकेतात जागाच नव्हती.

नवशिक्यांना घाबरवणारी आणखी एक गोष्ट याच गटातली. फाइल सेव्ह करायची म्हणून सवयीने कंट्रोल-एस दाबले की काही टर्मिनल गोठतात. काहीही टाइप करा, पडद्यावर हालचाल नाही. कंट्रोल-एस म्हणजे १९, आणि टेलिटाइपच्या काळापासून १९ चा अर्थ ‘थांब, एवढे छापून होऊ दे’. सुटका कंट्रोल-क्यूने होते: १७, ‘चालू दे’. सेकंदाला १० अक्षरे छापणाऱ्या यंत्राची सोय अजून आपल्या खिडकीत जिवंत आहे.

विमचा पूर्वज व्हीआय. तो बिल जॉय यांनी १९७६ च्या सुमारास बर्कलीत लिहिला, आणि त्यांच्यासमोर टर्मिनल होते, खिडकी नव्हे तर खरे यंत्र: लिअर सिग्लर कंपनीचे एडीएम-३ए. त्यावर बाणांच्या वेगळ्या कळा नव्हत्या. एच, जे, के, एल या चार कळांवरच बाण छापलेले होते, कारण त्या टर्मिनलला कंट्रोल-एच म्हणजे डावीकडे, कंट्रोल-जे म्हणजे खाली, कंट्रोल-के म्हणजे वर आणि कंट्रोल-एल म्हणजे उजवीकडे असे समजत होते. यातले डावीकडे आणि खाली हे थेट आस्कीतल्या ८ आणि १० या हुकमांमधून आलेले. जॉय यांनी कर्सर हलवायला तीच चार अक्षरे घेतली. जगभरचे लोक आजही एच-जे-के-एलवर बोटे चालवतात त्याच्या मुळाशी कंट्रोलची ही वजाबाकी आहे. एस्केपची कळही त्या कीबोर्डवर क्यूच्या डाव्या शेजारी, करंगळीच्या टप्प्यात होती. कोपऱ्यात ती पुढे गेली आणि आपल्या बोटांना लांबचा प्रवास लागला.

कंट्रोलचे असे निभावले. आल्टचे काय करायचे? स्टॅनफर्ड आणि एमआयटी इथल्या प्रयोगशाळांच्या कीबोर्डवर आल्टसारखीच मेटा नावाची कळ होती, आणि इमॅक्स त्या वातावरणात वाढला. आस्की सात बिटांचा, बाइट आठ बिटांचा; एक बिट मोकळा. मेटा धरले की तो आठवा बिट चालू करायचा, म्हणजे आकड्यात १२८ मिळवायचे. छोटा एक्स १२०, तर मेटा-एक्स २४८. हिशेब सुंदर आहे, जोवर जगात फक्त इंग्रजी लिहिली जाते तोवर.

इथे आपली लिपी गोष्टीत येते. आयआयटी कानपूरमध्ये भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे जे काम सुरू झाले, त्यात मोहन तांबे यांचे नाव पुढे होते. १९८८ साली पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि ते काम जिस्ट या नावाने तिथे आले. जिस्टचे कार्ड संगणकात बसवले की डॉसमधले इंग्रजीसाठी लिहिलेले प्रोग्रॅम देवनागरी दाखवू लागत. मोठ्या यंत्रांना जोडायला जिस्ट टर्मिनलही निघाले. म्हणजे मराठी अक्षरे दाखवणारे, मराठी कळा घेणारे खरे टर्मिनल पुण्यात तयार झाले होते, आणि याचे मला आजही अप्रूप वाटते. या सगळ्याला आधार देणारा इस्की हा संकेत भारतीय मानक ब्युरोने १९९१ साली मानक म्हणून प्रसिद्ध केला, आणि इनस्क्रिप्टची मांडणीही त्याच मानकात आहे.

इस्कीने काय केले? खालच्या १२८ जागा इंग्रजीला जशाच्या तशा ठेवल्या आणि आठवा बिट चालू असलेल्या वरच्या जागांत, १६१ पासून पुढे, भारतीय लिपी बसवली. त्यात ब आहे २०२ वर, दुसरी वेलांटी २२० वर, ड १९१ वर. आता प्रत्येकातून १२८ वजा करून बघा: ७४, ९२, ६३. आस्कीत ७४ म्हणजे मोठा जे, ९२ म्हणजे उलटी तिरकी रेघ, ६३ म्हणजे प्रश्नचिन्ह. मेटासाठी आठवा बिट वापरणाऱ्या एडिटरला इस्कीतला ‘बीड’ हा शब्द दिला, तर त्याला दिसणार मेटा-जे, मेटा-उलटी तिरकी रेघ, मेटा-प्रश्नचिन्ह: लागोपाठ तीन आज्ञा. आपण गावाचे नाव लिहितो आहोत आणि एडिटर काहीतरी करायला निघाला आहे! युरोपातल्या उच्चारचिन्हे असलेल्या अक्षरांनाही हीच ठेच लागली, कारण तीही वरच्या अर्ध्या भागातच बसली होती. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत ‘बीड’चे नऊ बाइट होतात आणि त्या नऊच्या नऊ बाइटांत आठवा बिट चालू असतो. मोकळा समजलेला बिट जगातल्या सगळ्या लिप्यांनी मागितला, आणि आल्टला तो सोडावा लागला.

आल्टसाठी मग दुसरी वाट रूढ झाली: आधी २७ पाठवा आणि मागून ते अक्षर. आल्ट-एक्स म्हणजे २७, १२०. यात देवनागरीला धक्का लागत नाही. नॅनोच्या तळाशी एम-यू (एम म्हणजे मेटा) असे लिहिलेले दिसते, तिथे आल्ट धरून यू दाबा किंवा एस्केप दाबून सोडा आणि मग यू दाबा, फळ एकच.

पण एस्केपवर आधीच एक ओझे होते. १९७८ साली डिजिटल इक्विपमेंट कंपनीने व्हीटी१०० हे टर्मिनल आणले, आणि त्याच्या बाणाच्या कळा अनेक आकड्यांची मालिका पाठवत: वरचा बाण म्हणजे एस्केप, चौकोनी कंस, ए, किंवा त्याच टर्मिनलच्या दुसऱ्या स्थितीत एस्केप, ओ, ए. फंक्शनच्या कळांनाही अशाच मालिका मिळाल्या. म्हणजे आता २७ हा आकडा आला तर त्याचे तीन अर्थ निघतात. कोणी खरोखर एस्केप दाबला. किंवा कोणी आल्ट धरून काही दाबले. किंवा कोणी बाण दाबला आणि मालिकेतला हा पहिला आकडा आहे. पहिला आकडा हातात असताना यातले काय खरे, हे जगातला कोणताही प्रोग्रॅम सांगू शकत नाही.

आपल्या एसटीत कंडक्टरने एकदा घंटी दिली की थांबायचे आणि दोनदा दिली की निघायचे. पहिला टण् कानावर पडला की ड्रायव्हर क्षणभर दुसऱ्याची वाट बघतो. नाही आला तर ब्रेक. एडिटर नेमके हेच करतो. २७ आला की घड्याळ लावतो. मुदतीत पुढचे आकडे आले तर बाण किंवा आल्ट, नाही आले तर एस्केप. विमच्या मूळ मांडणीत ही मुदत १००० मिलिसेकंद, म्हणजे पुरा एक सेकंद. विममधून निघालेला निओविम हा एडिटर टर्मिनलच्या मालिकांसाठी ५० मिलिसेकंदच थांबतो. मधे टीमक्स नावाचा प्रोग्रॅम असेल तर त्याचे स्वतःचे घड्याळ वेगळे, आणि त्याची मुदत अनेक वर्षे ५०० मिलिसेकंद होती. एस्केप दाबल्यावर एडिटर दचकून थांबल्यासारखा का वाटतो, याचे उत्तर हेच. दोन घड्याळे एकामागून एक संपायची असतात.

मुदत कमी ठेवावी तर दुसरे संकट. नेटवर्क सुस्त असले आणि बाणाच्या मालिकेतला पहिला आकडा आधी पोचून उरलेले दोन मागे रेंगाळले, तर विमला वाटते एस्केप झाला, मग ओची आज्ञा झाली, म्हणून तो वर एक नवी ओळ उघडतो आणि तिच्यात ए हे अक्षर लिहितो. मजकुराच्या मधोमध ए, बी, सी, डी अशी पोरकी अक्षरे उगवलेली ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे दृश्य ओळखीचे असेल. आणि याचे उलटही होते: लिहिणारा चपळ असला, एस्केप दाबून लगेच ओ दाबला, तर विमला तो एखाद्या फंक्शनच्या कळेचा आरंभ वाटतो आणि तो पुढच्या आकड्याची वाट बघत बसतो. माणसाच्या बोटांचा वेग हाच इथे व्याकरणाचा भाग झाला आहे. विचार करा, लेखनाच्या कुठल्या साधनात दोन खुणांमधल्या अंतराने अर्थ बदलतो? तारेच्या कट्ट-कडकट्टमध्ये बदलत असे, आणि इथे बदलतो.

बाण आणि कंट्रोल एकत्र आले की मालिकेत आणखी तीन खुणा बसतात. कंट्रोल धरून वरचा बाण दाबला तर एस्केप, चौकोनी कंस, १, अर्धविराम, ५, ए अशी मालिका जाते. यातला ५ कुठून आला? शिफ्टचा १, आल्टचे २, कंट्रोलचे ४. जे जे धरले असेल त्याची बेरीज करायची आणि वर एक मिळवायचा. नुसता कंट्रोल: ४ अधिक १, झाले ५. शिफ्ट आणि कंट्रोल: ६. तिन्ही धरले तर ८. कळांच्या कुठल्याही जुळणीला एक आणि एकच आकडा. साध्या अक्षरांना हीच पद्धत का लावू नये, हा प्रश्न कोणालाही पडेल. एक्सटर्म या टर्मिनलने तशी सोय एका पर्यायातून दिली. पॉल इव्हान्स या प्रोग्रॅमरने एक नेटकी मांडणी सुचवली: एस्केप, चौकोनी कंस, मग अक्षराचा युनिकोड क्रमांक, अर्धविराम, धरलेल्या कळांची बेरीज आणि शेवटी यू. छोट्या आयचा क्रमांक १०५, म्हणून कंट्रोल-आय होतो १०५;५ आणि मागे यू. टॅब राहतो आपला ९. साठ वर्षे एका आकड्यात कोंडलेल्या दोन कळा मोकळ्या झाल्या.

या मांडणीला पूर्ण रूप दिले ते कोविद गोयल या भारतीय प्रोग्रॅमरने. ई-पुस्तके वाचणाऱ्यांना त्यांचे कॅलिबर ठाऊक असेल. ते त्यांनी २००६ साली सुरू केले. त्यांनीच लिहिलेल्या किटी या टर्मिनलमधून हा कीबोर्डचा शिष्टाचार २०२१ मध्ये आला, आणि नंतर फूट, वेझटर्म, अलॅक्रिटी, गोस्टी अशा इतर टर्मिनलांनीही तो घेतला. निओविम आणि हेलिक्स हे एडिटर तो बोलतात. यात एस्केपच्या कळेलाही स्वतःची पूर्ण मालिका आहे: एस्केप, चौकोनी कंस, २७, यू. घड्याळ लावायची गरज संपली. हवे असल्यास कळ दाबली, धरून ठेवली, सोडली हे तिन्ही वेगवेगळे कळते. सोडल्याची बातमी टर्मिनलमधल्या प्रोग्रॅमला तोवर मिळतच नव्हती.

या शिष्टाचारातली एक बारीक गोष्ट मला फार आवडते. त्याच्या पहिल्या पायरीवर एंटर, टॅब आणि बॅकस्पेस या तीन कळा जाणूनबुजून जुन्याच ठेवल्या आहेत. कारण असे: एखादा प्रोग्रॅम ही नवी पद्धत चालू करून मधेच कोसळला, ती बंद करायची राहून गेली, तरी माणसाला निदान ‘रीसेट’ हा शब्द लिहून एंटर मारता आला पाहिजे. अडकलेल्या माणसासाठी दार उघडे ठेवणे हे मी उत्तम कारागिरीचे लक्षण मानतो.

आणि आता सर्वांत जवळची बाब. इनस्क्रिप्ट चालू ठेवून विममध्ये आज्ञा द्यायला गेलात तर काय होते? एच, जे, के, एलच्या जागी प, र, क, त पोचतात. ओळ पुसायला डी दोनदा दाबावा तर दोन हलन्त. फाइल साठवून बाहेर पडायची आज्ञा, अपूर्णविराम, डब्ल्यू, क्यू, ही होते छ, दोन मात्रा आणि एक काना-दोन मात्रा. बोटे बरोबर जागी पडली, आकडे चुकीचे पोचले. रशियन, ग्रीक, हिब्रू लिहिणाऱ्यांचेही हेच दुखणे. इमॅक्सने यावर फार पूर्वी स्वतःपुरता उपाय केला: कीबोर्ड इंग्रजीच ठेवायचा आणि इनस्क्रिप्टचा अनुवाद इमॅक्सने पोटात करायचा. कंट्रोल-उलटी तिरकी रेघ दाबली की देवनागरी चालू, परत दाबली की बंद; आज्ञा नेहमी इंग्रजी अक्षरांतच पोचतात. विमलाही अशी पोटातली कळमांडणी जोडता येते. शहाणी युक्ती आहे, पण प्रत्येक प्रोग्रॅमने ती वेगळी शिकायची.

किटीच्या शिष्टाचारात याला मुळातून उत्तर आहे. अक्षराच्या क्रमांकाला जोडून आणखी एक आकडा पाठवता येतो: ही कळ नेहमीच्या इंग्रजी मांडणीत कुठली असती तो. इनस्क्रिप्ट चालू असताना कंट्रोल धरून ड दाबला, तर मालिका होते २३३७::९१;५ आणि यू. यातला २३३७ हा ड चा युनिकोड क्रमांक, ९१ हा चौकोनी कंस, ५ म्हणजे कंट्रोल. उमटणारे अक्षर आणि बोटाखालची जागा, दोन्ही एकाच निरोपात, आणि कशाचा कशावर घाला नाही. एडिटरने ९१ वाचून आज्ञा समजावी, २३३७ वाचून मजकूर समजावा. मराठीत विचार करून मराठीत टिपणे काढणाऱ्या प्रोग्रॅमरला दर ओळीला कीबोर्ड बदलत बसावे लागू नये, असे मला मनापासून वाटते, आणि त्यासाठी लागणारा आकडा आता तारेवरून जाऊ शकतो. सगळ्या एडिटरांनी तो वाचायला अजून घेतलेला नाही. जे काम उरले आहे ते तिथे आहे.

आपल्याच संगणकावर हे आकडे बघता येतात. टर्मिनलमध्ये कॅट असे लिहून एंटर मारा, मग कंट्रोल-व्ही दाबून लगेच कंट्रोल आणि बाण दाबा. मालिका पडद्यावर उघडी पडते. कंट्रोल-सीने बाहेर या, म्हणजे ३ पाठवून.

राहता राहिला एक प्रश्न. समोरच्या टर्मिनलला नवा शिष्टाचार येतो की नाही, हे एडिटरला कसे कळावे? तो विचारतो: एस्केप, चौकोनी कंस, प्रश्नचिन्ह, यू. ज्याला येतो ते टर्मिनल उत्तर देते. ज्याला येत नाही ते गप्प बसते, आणि गप्प बसणे व उशीर होणे यांत फरक करायला पुन्हा घड्याळच लावावे लागले असते. म्हणून एडिटर पाठोपाठ दुसरा प्रश्न पाठवतो: एस्केप, चौकोनी कंस, सी. याचा अर्थ ‘तू कोण आहेस?’. हा प्रश्न व्हीटी१०० च्या काळचा असल्यामुळे त्याचे उत्तर जवळपास प्रत्येक टर्मिनल देते. दुसऱ्याचे उत्तर आधी आले की पहिल्याचे येणार नाही हे नक्की होते. आणि ते उत्तर काय असते? चाकणच्या कारखान्यातल्या संगणकावर असो की बीडच्या सायबर कॅफेत, या वर्षी लिहिलेले टर्मिनलसुद्धा १९७८ च्या त्या यंत्राच्या घराण्याचे नाव सांगते.